लिटरला साडेआठ

लातूर, ४ डिसेंबर १९८५

ती. मन्मथ दाजींस रेवणसिद्धचा शरणार्थ.

कागदावर छापलेला ‘जिल्हा उस्मानाबाद’ बघून हसू नका. जिल्हा नवा झाला तरी आडत दुकानाचे जुने कागद संपायचे आहेत, आणि छापलेला कागद फेकून देणाऱ्यांतला मी नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. अक्काची गुडघेदुखी कशी आहे? तिला सांगा, सिद्धेश्वराला अभिषेक घातला. पाणी मात्र विकतचं होतं.

इकडे आडतीवर माल नाही. ज्वारी पोटऱ्यात आली ती तिथेच वाळली. हमाल सकाळी येतात, चहा पितात आणि दुपारी जातात. अशात ॲम्बेसेडर दारात उभी आहे. तिचं म्हणजे दावणीच्या म्हशीसारखं झालंय, दूध देवो न देवो, चारा घालावाच लागतो. घरात सगळे म्हणतात विकून टाका. पण जिल्हा झाल्यापासून कोर्टकचेरीच्या कामाला लोक गाडी भाड्याने मागतात. कधी उदगीर, कधी निलंगा, पंधरा दिवसांनी नांदेड. पेट्रोल कमी लागलं तर गाडी स्वतःचं पोट भरून वर चार पैसे देईल. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला चाललाच आहे.

तुमचा जन्म रेल्वेच्या इंजिनात गेला. मला ह्यातलं काही कळत नाही. गाडी बारा वर्षं लिंबाजी चालवतो, त्याला विचारलं तर म्हणतो, “आप्पा, गाडी चांगली हाय, उगं हात लावू नका.” ड्रायव्हर असंच म्हणणार. काय करावं ते सविस्तर कळवा.

आपला
रेवणसिद्ध

*

नांदेड, १० डिसेंबर १९८५

चि. रेवणसिद्धास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला. तुला शेवटी शहाण्या माणसाला विचारायची बुद्धी झाली. अक्काचा गुडघा जागेवर आहे, तोंडही जागेवर आहे.

पूर्णेच्या लोकोशेडमध्ये असताना कोणत्या ड्रायव्हरने किती मैलाला किती कोळसा जाळला हे मी धुरावरून सांगायचो. तुझी मोटार म्हणजे त्यापुढे खेळणं. नीट वाच आणि तसंच कर. चाकातली हवा दर आठवड्याला बघ, मऊ चाक पेट्रोल खातं. हवेची जाळी धुळीने भरली असणार, ती झटकून घे, ह्या वर्षी तर हवेत दुसरं काही नाहीच. कार्बोरेटर उघडून साफ करून घे, टॅपेट बसवून घे. चाक हाताने फिरवून बघ, ब्रेक धरत असेल तर सोडवून घे. डिकीत तू रिकामी पोती, साखळदंड आणि जुना काटा ठेवतोस ते सगळं खाली काढ. पन्नासच्या वर गाडी पळवायची नाही. एवढं केलंस तर लिटरला दहा किलोमीटर मिळालेच पाहिजेत. दहाच्या खाली आलं तर दोष गाडीत नाही, दुसरीकडे आहे असं समज.

पण मुख्य गोष्ट वेगळीच. मागे मी लातूरला आलो तेव्हा तुझ्या गाडीचा मीटर बंद होता. अरे, काटा नसलेला तराजू घेऊन तू दुकान चालवशील का? इथल्या जुन्या बाजारात मी स्वतः शोधून एक चांगला मीटर घेतला आहे. वरची अक्षरं पुसली आहेत, आतलं काम पक्कं आहे. कंडक्टरच्या हाती पाठवतो. मिस्त्रीकडून बसवून घे.

तुझा
मन्मथ

*

लातूर, ८ जानेवारी १९८६

ती. दाजींस शरणार्थ.

मीटर पोचला, बसवला. तुम्ही लिहिलं तसं अक्षरन् अक्षर केलं. जाळीतून इतकी माती निघाली की त्यात तुळस लावता आली असती. इंजिनाचा आवाज बदलला आहे हे मलासुद्धा कळतं. टाकी काठोकाठ भरून, मीटर लिहून, पुन्हा भरून, असं चार वेळा केलं.

दाजी, लिटरला साडेआठ येतं. चारही वेळा साडेआठच्या आसपास.

तुम्ही दहा म्हणाला होतात. मग दीड किलोमीटरचं पेट्रोल जातं कुठे? लिंबाजीला विचारलं तर तो म्हणतो, “गाडी पयल्यापरीस कमी पिऊन राहिली, मला पायाला कळतंय.” पायाला कळतं म्हणे! मी म्हणालो, मीटरला का कळत नाही मग?

मला वाईट विचार करायचा नाही. बारा वर्षांत त्याने गाडीला ओरखडा येऊ दिला नाही. आमच्या वडिलांना शेवटी दवाखान्यात नेताना त्यानेच उचलून गाडीत ठेवलं होतं. पण आकडा आकडा आहे.

रेवणसिद्ध

*

नांदेड, १४ जानेवारी १९८६

चि. रेवणसिद्धास आशीर्वाद.

संक्रांतीचा तिळगूळ सोबत आहे. गोड बोल म्हणतात, पण मला गोड बोलता येत नाही. गाडी पेट्रोल पीत नाही रे, माणूस पितो. माझ्या नोकरीत इमानदार दिसणारे फायरमन रात्रीतून कोळशाच्या पाट्या विकताना मी पाहिले आहेत. बारा वर्षं इमानाने राहिला म्हणून तेराव्या वर्षी राहीलच असं नाही, त्यातून हे दुष्काळाचं साल.

मालगाडीच्या डब्याला लावतात तसली शिशाची सीलं माझ्याकडे आहेत. चार पाठवतो. टाकीच्या झाकणाला तार घालून सील कर. मग बघ.

मन्मथ

*

लातूर, १ फेब्रुवारी १९८६

ती. दाजींस शरणार्थ.

सील केलं. सील शाबूत आणि आकडा साडेआठ. मिस्त्री म्हणाला, खालून नळी काढूनही पेट्रोल काढता येतं. मग माझं डोकं फिरलं.

मंगळवारी लिंबाजी नांदेडची फेरी करून आला, तेव्हा मी त्याला भर बाजारपेठेत, गोलाईत, दुकानासमोरच थांबवलं. सीट उचलायला लावली. खाली हातभर रबरी नळी निघाली. तो म्हणाला, “हरेक डायवरापाशी नळी असती आप्पा, रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली तर.” मी त्याची पिशवी उघडली. जेवणाचा डबासुद्धा उघडून हुंगला. हमाल बघत होते, शेजारचे दुकानदार बाहेर आले होते. डब्यात भाकरीचा तुकडा आणि चटणी होती.

त्याने एकच गोष्ट धरून ठेवली होती. “मीटर लबाड हाय. दगड मोजा आप्पा, दगड खोटं बोलत न्हाईत.” तो म्हणे रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत आला होता. आता तुम्हीच सांगा, जिल्हा होऊन तीन वर्षांनी सरकारला दगड रंगवायची आठवण झाली आहे. एका दगडावर उस्मानाबाद, दुसऱ्यावर लातूर, तिसरा उखडून आडवा टाकलेला. असल्या दगडांवर कोणी भरवसा ठेवायचा? तुम्ही निवडून पाठवलेल्या मीटरवर ठेवायचा की त्यांच्यावर? मी हे बोललो तेव्हा सगळे हसले. लिंबाजी हसला नाही. चावी गल्ल्यावर ठेवून गेला.

दोन दिवसांनी पुन्हा आला. कलेक्टर कचेरीत पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर भरणार आहेत, आधीच्या मालकाचा चालचलनाचा दाखला लागतो, तेवढा लिहून द्या म्हणाला. मी नाही म्हणालो. खोटा दाखला मी कसा देऊ? मला झोप लागत नाही, पण मी चुकलो असं मला वाटत नाही.

रेवणसिद्ध

*

मु. बोरगाव, जि. लातूर
९ फेब्रुवारी १९८६

मा. मन्मथसाहेब यांना लिंबाजी नरसिंग कांबळे याचा जयभीम.

पत्र लिहायचं कारण की तुम्ही इंजिनातले जाणकार आहात आणि आप्पा तुमचं ऐकतात. मी सातवी शिकलो, चुकलं तर समजून घ्यावं.

साहेब, मी पेट्रोल काढलं नाही. मी दगड मोजले ते आप्पा म्हणतात तसल्या रंगाच्या दगडांवर नाही. लोह्याच्या अलीकडंच नांदेड जिल्हा लागतो. तो जुना जिल्हा हाय, तिकडं दगडाला कुणी हात लावला नाही. लोह्यापासून नांदेडकडं तीस दगड मोजले. मीटर सव्वीसच सरकला. येताना बी तीस दगड, सव्वीसच. तीन फेऱ्या हेच केलं. आप्पांना सांगायला गेलो, पण त्यांनी पुरतं ऐकून घेतलं नाही, लोक लई जमले होते.

मी त्यांचं मीठ खाल्लंय, वाईट बोलणार नाही. पण चोर म्हणून लातुरात कुणी मला गाडीवर घेईना. टँकरच्या अर्जाची मुदत अठ्ठावीस तारखेपर्यंत हाय. दाखला नसला तर अर्ज घेत नाहीत. सध्या मी आणि माझी बायको चांगुणा तलावाच्या कामावर माती टाकून राहिलो. चांगुणा काही म्हणत नाही. कामावरचे लोक म्हणतात.

तुम्ही एक डाव मीटर तपासा असं आप्पांना लिहावं. बाकी काही मागणं नाही.

आपला
लिंबाजी

*

नांदेड, २० फेब्रुवारी १९८६

चि. रेवणसिद्धास आशीर्वाद.

बरेच दिवस पत्र लिहिता आलं नाही. मला सर्दी झाली होती. गोदावरीचं पाणी आटलं आहे, पुलावरून तळ दिसतो. अक्का ठीक.

गाडीचं काय ते एवढं मनाला लावून घेऊ नकोस. आकडे मागेपुढे होतातच. लिंबाजीबद्दल गावभर काही बोलत बसू नये असं आपलं मला वाटतं. दाखला मागत असेल तर दोन ओळी देऊन टाकाव्यात, आपलं काय जातं? जास्त खोलात जाऊ नये. नवीन ड्रायव्हर मिळाला का?

मन्मथ

*

लातूर, ५ मार्च १९८६

ती. दाजींस शरणार्थ.

तुमचं पत्र वाचून मला आश्चर्य वाटलं. “आकडे मागेपुढे होतातच” हे तुमच्या हातचं अक्षर आहे का? जानेवारीत माणूस पेट्रोल पितो म्हणालात, फेब्रुवारीत म्हणता दोन ओळी देऊन टाका. तुमच्या सर्दीत काही तरी वेगळं आहे.

इकडचं ऐका. नवा ड्रायव्हर ठेवला. आठ दिवस चालवली. साडेआठ. मी म्हणालो, हाही तसलाच, त्यालाही काढला. मग म्हणालो, आपल्याकडे जुनं लायसन आहे, आपणच चालवू. दाजी, मी पंधरा वर्षांनी स्टिअरिंग हातात धरलं. गिअर टाकताना अशी कुरकुर व्हायची की रस्त्यावरची माणसं बाजूला होत. पण टाकी मी भरली, सील मी लावलं, गाडी मी चालवली, रात्री चावी उशाखाली घेऊन मीच झोपलो.

साडेआठ.

आता मी कोणाचा डबा हुंगू? मला खरं सांगा. तुमच्या त्या मीटरमध्ये काय आहे?

रेवणसिद्ध

*

नांदेड, ११ मार्च १९८६

चि. रेवणसिद्धास,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही. सरळ सांगतो.

लिंबाजीने मला नऊ फेब्रुवारीला पत्र लिहिलं होतं. लोहा ते नांदेड तीस दगड आणि मीटर सव्वीस. ते वाचल्याबरोबर मला मीटरचीच शंका आली, कारण अशी चूक मीटरच करू शकतो. दुसऱ्याच दिवशी मी जुन्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, “काका, तो लहान गाडीचा मीटर होता, तुम्ही विचारलंच नाही.” मी खरंच विचारलं नव्हतं. मला सगळं कळतं ना!

मीटर फक्त चाकाचे फेरे मोजतो. लहान गाडीचं चाक लहान, तिला एका किलोमीटरला जास्त फेरे लागतात. तो मीटर तेवढे फेरे झाल्याशिवाय किलोमीटर पुढे सरकवत नाही. तुझ्या गाडीचं चाक मोठं, ते थोड्या फेऱ्यांत किलोमीटर तोडतं. म्हणून गाडी तीस चालते आणि मीटर सव्वीस सांगतो. लिंबाजीच्या दगडांनी हिशेब केला तर तुझी गाडी लिटरला जवळजवळ दहा देते. माझे सगळे उपाय लागू पडले होते रे, आणि लिंबाजीने गाडी पन्नासच्या वर एकदाही नेली नसणार.

हे मला बारा फेब्रुवारीला पक्कं कळलं होतं. अठ्ठावीस तारीख अजून लांब होती. मी कागद घेऊन रोज बसायचो आणि उठायचो. पस्तीस वर्षं नोकरी केली, कोणी माझी चूक काढली नाही. म्हातारपणी मेव्हण्यापुढे आणि त्याच्या ड्रायव्हरपुढे खाली मान घालायची, हे माझ्याने होईना. म्हणून ते सर्दीचं पत्र लिहिलं. वाटलं, तू दाखला देशील आणि माझं झाकलेलं झाकलेलं राहील. तू दिला नाहीस. बरोबरच आहे, मी तुला कारण कुठे सांगितलं होतं?

अक्काला काल सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. लिंबाजीचं पत्र सोबत जोडलं आहे. तू बोरगावला जा. मी यावं असं म्हणशील तर येतो.

मन्मथ

*

लातूर, १९ मार्च १९८६

ती. दाजींस शरणार्थ.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. लिंबाजीचं पत्र मी उभ्यानेच वाचलं. दुकानातलं शेर-मापसुद्धा दरसाल सरकारी शिक्का बघितल्याशिवाय मी वापरत नाही, आणि माणूस मात्र बिनशिक्क्याच्या मीटरने मोजला. तुमचे ते लपवण्याचे दिवस तुमच्याकडे राहू द्या, त्यावर मी काही बोलत नाही. डबा हुंगणारं नाक माझं होतं.

सोमवारी आधी कचेरीत गेलो. दाखला लिहून नेला होता, मीटरची चूक त्यात स्पष्ट लिहिली होती. कारकून म्हणाला, यादी लागली, टँकर चालू झाले, आता काही होत नाही. मी त्याच्याशी भांडलो. आवाज चढवून काही उपयोग नव्हता, तरी चढवला.

तिथून स्वतः गाडी चालवत बोरगावला गेलो. तलावाच्या कामावर दीडदोनशे माणसं असतील. बाया डोक्यावर पाट्या घेऊन रांगेने चढत होत्या, त्यांत चांगुणा होती. मी गाडी भरावाजवळ नेली पण इंजिन बंद केलं नाही. माझ्या हाताने ते एकदा बंद झालं की परत चालू होत नाही, अर्धा अर्धा तास घालवलेला आहे. तसंच सुरू ठेवून खाली उतरलो आणि मुकादमाला म्हणालो, सगळ्यांना थोडं थांबवा.

गोलाईत जेवढ्या आवाजात त्याला चोर म्हणालो होतो, तेवढ्याच आवाजात बोललो. मीटर खोटा होता, हा माणूस खरा होता, चूक माझी झाली. लोक ऐकत होते. एक बाई मोठ्याने म्हणाली, “आता सांगून काय उपेग?”

लिंबाजी फावडं घेऊन उभा होता. वाळला आहे. मी दाखला दिला. त्याने तो सगळा वाचला, परत पहिल्यापासून वाचला, घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. मी म्हणालो, “लिंबाजी, चल. गाडी तुझीच आहे. पगार वाढवून देतो.” तो म्हणाला, “गाडी तुमची हाय आप्पा. हितं मला कुणी हुंगत न्हाई.”

तेवढ्यात तो माझ्या बाजूने गाडीपाशी गेला. मला वाटलं बसतो. त्याने खिडकीतून हात आत घातला, चावी फिरवली, काढली आणि माझ्या हातात ठेवली.

“उभ्या गाडीत पेट्रोल जळून राहिलंय,” म्हणाला आणि फावडं उचलून खड्ड्यात उतरला.

दाजी, मी भरल्या माणसांत रडलो. लाज वाटली नाही, लाजेची वेळ गोलाईतच होऊन गेली होती. नंतर गाडी चालू करायचा पुष्कळ प्रयत्न केला. पाचला काम सुटलं. लिंबाजी आणि चांगुणा माझ्या समोरून गावाकडे गेले. त्याने थांबून विचारावं असं मला वाटत होतं, पण मी हाक मारली नाही. गाडी अजून बोरगावच्या तलावावर उभी आहे. मी एसटीने घरी आलो.

रेवणसिद्ध